मक्षिकास्थाने कोणती मक्षिका?

सरकारी कारकुनाने माशीवर लेख लिहावा यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. आम्ही कचेरीत दिवसभर माश्याच मारतो, असा जनतेचा समज आहेच! त्यात भर म्हणून आपल्या भाषेने कारकून आणि माशी यांची एक कायमची जोडीही लावून दिली आहे. मूळ कागदावर एक माशी चिरडून चिकटलेली होती. नक्कल करणाऱ्या कारकुनाने मुद्दाम एक माशी पकडली आणि नकलेतही बरोबर त्याच जागी चिकटवली. ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ ती हीच. वीस वर्षे आवक-जावक नोंदवही सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट अनेकांनी अनेक वेळा ऐकवली आहे.

पण त्या गोष्टीतल्या कारकुनाला एक प्रश्न कोणी विचारला नाही. मूळ कागदावर होती तीच जातीची माशी त्याने लावली की दुसरीच? आपल्या लेखी माशी ती माशी. मराठीत माशी, कोंकणीत मूस. फार तर घरमाशी, गोमाशी, मधमाशी, फळमाशी एवढे भेद आपण करतो. मेलेल्या जनावरावर घोंघावणाऱ्या माश्यांना तर आपण नावच दिलेले नाही. नाक दाबून पुढे जायचे, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध. मी कला शाखेचा पदवीधर. प्राणिशास्त्राशी माझे नाते दहावीत संपले. तरी या निनावी माश्यांच्या मागे मी का लागलो, ते पुढे येईलच. आधी माश्यांची ओळख करून घेऊ.

पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत माझे बरेचसे आयुष्य गेले. दोन्हीकडे सडे आहेत, काजूच्या बागायती आहेत, मोकाट चरणारी गुरे आहेत. त्यामुळे मेलेले जनावर दिसणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. मृगाच्या पहिल्या पावसात रस्तोरस्ती बेडूक चिरडलेले असतात. धामण, मुंगूस, कुत्रे, क्वचित कोल्हा, आणि सड्यावर एखादी म्हातारी गाय. पेडण्याच्या किनाऱ्यावर कधी लाटांबरोबर मेलेले कासव येते, कधी डॉल्फिन. या प्रत्येकावर माश्या येतात आणि नीट पाहिले तर त्या एकाच प्रकारच्या नसतात.

सगळ्यांत आधी नजरेत भरते ती हिरव्या-निळ्या चकचकीत अंगाची माशी. तिचे कुळ कॅलिफोरिडी. आपल्याकडे सर्रास आढळणारी क्रायसोमिया मेगासेफाला ही याच कुळातली. लालबुंद मोठे डोळे आणि हिरवट-निळे धातूसारखे चकाकणारे अंग ही तिची खूण. तिचीच एक भावंड जात क्रायसोमिया रुफिफेसिस. तिच्या अळ्यांच्या अंगावर काट्यांसारखे मांसल उंचवटे असतात आणि त्या इतर माश्यांच्या अळ्यांनाही खातात. म्हणजे मेलेल्या गाईच्या पोटात एक वेगळेच जंगल चालू असते.

दुसरी माशी दिसायला अगदी साधी, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. राखाडी रंग, पाठीवर तीन काळे उभे पट्टे, आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-करडी नक्षी. घरमाशीपेक्षा बहुधा मोठी. ही मांसमाशी. तिच्या कुळाचे शास्त्रीय नाव सार्कोफॅगिडी. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘फागेन’ म्हणजे खाणे. युरोपात दगडी शवपेटीला सार्कोफॅगस म्हणतात, तो शब्दही याच मुळातला. जगात या कुळाच्या सुमारे ३००० जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्या सगळ्या मढ्यावर जगत नाहीत. काही टोळांच्या अंगात वाढतात, काही गोगलगाईत, काही शेणात, तर काही गांधीलमाश्यांच्या घरट्यात घुसून तिथला साठवलेला खाऊ फस्त करतात.

मांसमाशीची खरी गंमत तिच्या बाळंतपणात आहे. हिरवी माशी अंडी घालते. ती फुटायला आपल्या हवेत साधारण अर्धा दिवस ते एक दिवस लागतो. मांसमाशीची अंडी तिच्या पोटातच फुटतात आणि ती थेट जिवंत अळ्या टाकते. सुईच्या टोकाएवढ्या त्या अळ्या पडल्या क्षणापासून खायला लागतात. जाळीच्या भोकातून किंवा फटीतूनसुद्धा ती अळ्या आत सोडू शकते. हा फरक वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. चिरडलेला बेडूक किंवा पाल हे छोटे मढे; मुंग्या, कावळे आणि ऊन यांच्यापुढे ते एक-दोन दिवसही टिकत नाही. तिथे अंडी घालून वाट बघत बसलेल्याला उशीर होतो आणि जिवंत पिल्ले घेऊन आलेली पुढे जाते. म्हणून लहान मढ्यांवर मांसमाश्यांचे राज्य अधिक, आणि गाई-म्हशीसारख्या मोठ्या मढ्यावर हिरव्या माश्यांची गर्दी अधिक, असे जगभर दिसून आले आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या मुलखाला फारच लागू पडते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पाऊस लागला की हिरवी माशी पानाखाली दडून बसते. मांसमाशी मात्र पावसातही उडते, असे अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. आषाढात आठ-आठ दिवस झड लागते तेव्हा मढ्यावर पहिला मान हिचाच असणार हे उघड आहे.

आता प्रश्न असा की मांसमाश्यांच्या इतक्या जाती ओळखायच्या कशा? इथे हौशी माणसाचे हात टेकतात. सगळ्याच राखाडी, सगळ्यांच्याच पाठीवर तीन पट्टे. तज्ज्ञ नर माशी घेतात, तिच्या पोटाचे शेवटचे टोक सुईने बाहेर ओढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियाचा आकार पाहतात. प्रत्येक जातीत तो वेगळा असतो, किल्लीला जसे वेगवेगळे दात असतात तसा. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या ग्रंथमालेत बी. सी. नंदी यांनी लिहिलेला या कुळावरचा स्वतंत्र खंड २००२ साली निघाला, त्यात अशा आकृत्यांची पानेच्या पाने आहेत. आता डीएनएवरूनही ओळख पटवतात. दोन्ही कामे प्रयोगशाळेची. आपण फार तर ‘ही हिरवी, ही राखाडी’ इतकेच म्हणू शकतो. पण तेवढेही पुष्कळ आहे, हे मला एका अर्जाने शिकवले.

त्या वेळी मी डिचोली तालुक्यातल्या एका कचेरीत होतो. दिवस ऑक्टोबरचे, पाऊस नुकताच सरलेला. सत्तरीच्या पुढचे एक काका अर्ज घेऊन आले. त्यांची दुभती गाय सड्यावर मेली होती. गाईचा विमा होता, पण दावा नामंजूर झाला होता. कारण असे दिले होते, की जनावर मेल्याची खबर ठरलेल्या मुदतीत दिली नाही. पाहणीला आलेल्या माणसाने गाईच्या नाकातोंडात अळ्या पाहिल्या आणि ‘मृत्यू अंदाजे चार-पाच दिवसांपूर्वी’ असे लिहून टाकले. काकांचे म्हणणे वेगळे होते. सोमवारी संध्याकाळी गाय धडधाकट होती, रात्री ती गोठ्यात आली नाही, मंगळवारभर शोधली, बुधवारी सकाळी सापडली आणि त्यांनी त्याच दिवशी खबर दिली. पाहणी झाली गुरुवारी दुपारी.

“सायबा, सोमारा सांजे गाय उबी आशिल्ली. हांव कित्याक फट मारूं?” असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आपण खोटे कशाला बोलू, हा त्यांचा प्रश्न. गाईच्या पैशांपेक्षा ते ‘अंदाजे चार-पाच दिवस’ त्यांना जास्त लागले होते. तालुक्याच्या कागदावर त्यांना खोटारडे ठरवले गेले होते.

त्यांच्या अर्जात एक वाक्य होते, ते मला आजही आठवते. त्यांनी लिहून घेतले होते, की अळ्या ‘तांदळाच्या दाण्याएवढ्या’ होत्या. अर्जाला मी क्रमांक घातला, शिक्का मारला आणि तो पुढच्या टेबलावर गेला. त्याचे पुढे काहीच झाले नाही. अळ्या दिसल्या म्हणजे पुष्कळ दिवस झाले, हे सगळ्यांनाच पटण्यासारखे होते. किडे पडायला वेळ लागतो, अशी आपली समजूतच आहे.

ती समजूत आमच्या हवामानात खरी नाही, हे मला नंतर वाचनातून कळले. तीस अंशांच्या आसपासच्या उष्म्यात जनावर मेल्यावर काही मिनिटांत माश्या येतात. मांसमाशी आली तर पहिल्याच दिवशी अळ्या असतात, कारण ती अळ्याच टाकते. हिरव्या माशीची अंडी दुसऱ्या दिवसापर्यंत फुटतात. त्यानंतर अळी दोनदा कात टाकते. साधारण दोन दिवसांची अळी तांदळाच्या दाण्याएवढी भरते. चार-पाच दिवसांनी ती पूर्ण वाढून दीड सेंटिमीटरच्या वर जाते आणि खाणे सोडून कोष करायला बाहेर चालू लागते. म्हणजे काकांनी सांगितलेला दाणा त्यांच्याच बाजूने साक्ष देत होता. सोमवार रात्र ते गुरुवार दुपार या हिशेबात तो बसतो. चार-पाच दिवसांच्या हिशेबात बसत नाही.

अर्थात हे घड्याळ मनगटावरच्या घड्याळासारखे नेमके नाही, तेही सांगायला हवे. अळ्यांचा मोठा घोळका जमला की त्यांच्या हालचालीने मढ्यातली उष्णता बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही अधिक चढते आणि त्या भराभर वाढतात. ढगाळ, गार हवेत उलटे होते. जनावराला जिवंतपणीच जखम असेल तर त्यात आधीच किडे पडलेले असू शकतात. गुरे पाळणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. जखमेत टर्पेंटाईन सोडणे किंवा सीताफळीचा पाला वाटून लावणे हे उपाय घरोघरी होते. कोणत्या जातीची अळी आहे यावरही वाढीचा वेग ठरतो, आणि इथे पुन्हा तो ‘कोणती माशी’ हा प्रश्न येतो. सगळ्यांना एकच ‘किडे’ म्हटले की घड्याळ वाचताच येत नाही.

माश्यांकडून साक्ष घेण्याची कल्पना काही आजची नाही. चीनमध्ये सोंग त्सू नावाच्या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली मृत्यूच्या तपासावर एक ग्रंथ लिहिला. त्यात एका खेड्यातल्या खुनाची हकीकत येते. घाव विळ्याचा दिसत होता. अधिकाऱ्याने गावातल्या सगळ्यांना आपापले विळे जमिनीवर मांडायला लावले. उन्हाचे दिवस होते. धुऊन पुसून स्वच्छ केलेल्या एकाच विळ्यावर माश्या येऊन बसल्या आणि त्याचा मालक कबूल झाला. माणसाच्या डोळ्याला न दिसणारे रक्त माशीला कळले. पुढे १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेदी याने मांसाच्या काही बरण्या उघड्या ठेवल्या आणि काहींवर कापड बांधले. उघड्या मांसात किडे पडले, झाकलेल्यात नाहीत. मांस आपोआप किडे निर्माण करत नाही, ते माशीपासून येतात, हे त्याने दाखवून दिले. फ्रान्समधल्या मेन्याँ याने १८९४ साली मढ्यावर येणाऱ्या कीटकांच्या आठ तुकड्या सांगितल्या: आधी माश्या, मग भुंगेरे, शेवटी कोरड्या कातड्यावर जगणारे. आज अनेक देशांत कीटकांचा हा पुरावा न्यायालयात चालतो.

हे सगळे वाचल्यावर मी सड्यावरून जाताना थोडा थांबून बघू लागलो. घरच्यांनी मला वेड्यात काढले ते सोडा! पण एवढे लक्षात आले, की जागेप्रमाणे माश्यांचे गणित बदलत असावे. पेडण्याची किनारपट्टी घ्या. मोरजी आणि मांद्रे इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. जगातल्या काही किनाऱ्यांवर अशा घरट्यांत मांसमाश्यांच्या अळ्या सापडल्या आहेत, मुख्यतः जी अंडी आधीच बिघडली होती त्यांत. सुकी मासळी हा तर आपल्या जिव्हाळ्याचा विषय. पुरुमेंताची मासळी मे महिन्यात वाळत घालतात तेव्हा बायका हातात फांदी घेऊन माश्या हाकत बसतात. मीठ कमी पडले किंवा अवकाळी पाऊस आला की मासळीत किडे झाले म्हणून समजा. तिथेही हिरवी आणि राखाडी याच दोघींचा हात असतो. डिचोलीकडे वळलो तर खाणींनी उघडे केलेले लाल डोंगर, मध्येच काजूची झाडी, मयेच्या तळ्याची ओल. रणरणत्या उघड्या कातळावर मढे लवकर वाळते, सावलीत ओले राहते, आणि त्याप्रमाणे पाहुणेही बदलतात.

या जागा बदलताहेत हेही खरे. मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. गिधाडांची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे ती मरतात हे २००४ साली सिद्ध झाले, २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध भारतात बंद झाले, पण तोवर देशातली बहुतेक गिधाडे संपली होती. गिधाडे गेल्यावर मढे संपवण्याचे काम कुत्र्यांवर आणि या माश्यांवर पडले. लिनियस या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच म्हटले होते, की तीन माश्या आणि त्यांची प्रजा मिळून मेलेला घोडा सिंहाइतक्या वेगाने फस्त करतात. सड्यावरची गाय पंधरा दिवसांत हाडांचा सापळा होते, त्यात या अळ्यांचा वाटा फार मोठा. त्या नसत्या तर कुजकट वास आपल्या दारात किती दिवस राहिला असता, याचा विचार करून पाहा.

माशी अन्नावर बसली की रोग आणते, हे मी नाकारत नाही. ती झाकणाने दूर ठेवायलाच हवी. पण मढ्यावरच्या माशीला ओळखल्याने आपले काही बिघडत नाही, उलट कुणाचा तरी शब्द खरा ठरू शकतो. काका आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाने पुन्हा गाय घेतली नाही.

म्हणून वाचकहो, एक साधी विनंती. आपल्या गावात कुणाचे जनावर दगावले आणि पंचनाम्याची वेळ आली, तर ‘किडे पडले होते’ एवढ्यावर थांबू नका. तुमच्या खिशात मोबाईल असतोच. अळ्यांशेजारी आगपेटीची काडी ठेवून फोटो काढा, म्हणजे त्यांची लांबी कळेल. फोटोचा दिवस आणि वेळ लिहा. जागा उन्हातली की सावलीतली, पाऊस होता की नव्हता, तेही लिहा. आजूबाजूच्या मातीत तपकिरी कोष दिसतात का ते पाहा. जमले तर सर्वांत मोठ्या चार-सहा अळ्या गरम पाण्यात टाकून मग स्पिरिटच्या बाटलीत ठेवा आणि गुरांच्या डॉक्टरांना द्या. आमच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणारी मुले दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या सड्यांवर कोणत्या महिन्यात कोणती माशी येते आणि तिची अळी किती दिवसांत किती वाढते, एवढे जरी कुणी वर्षभर टिपून ठेवले, तरी ‘अंदाजे’ हा शब्द लिहिण्याआधी पुढचा माणूस एकदा तरी विचार करील.